एचडी टीव्ही विकायचाय? आधी ग्राहकाला ‘एचडी’ समजावून सांगा!



संत्र्याचा नाहीतर कापसाचा पैसा हाती आला की घरात मोठा टीव्ही घ्यायचं ठरतं. पण आष्टी-तळेगावचा ग्राहक तो घ्यायला आर्वी, वर्धा किंवा अमरावती गाठतो, नाहीतर ऑनलाइन मागवतो. त्याला आष्टीतच थांबवायचं असेल, तर नुसत्या भावावर मोठ्या शोरूमशी टक्कर जमणार नाही. तुमची ताकद दोन गोष्टींत आहे: नीट समजावणं आणि घरी जाऊन नीट जोडून देणं.

या धंद्यातली नेहमीची तक्रार म्हणजे, “भाऊ, नवा टीव्ही घेतला, पण चित्र तर पुसटच दिसते!” टीव्ही चांगलाच असतो. मग अडतं कुठं?

एचडी म्हणजे काय?
टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात.
- साधं (एसडी) चित्र: ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके
- एचडी रेडी टीव्ही: बहुतेक १३६६ × ७६८, सुमारे साडेदहा लाख
- फुल एचडी: १९२० × १०८०, सुमारे २१ लाख
- फोर-के: ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख

आता बघा, ४ लाख ठिपक्यांचं चित्र ८३ लाखांच्या पडद्यावर ताणलं, तर ते पुसट दिसणारच!

तीन गोष्टी तपासा
१. चॅनेल: तो एचडी आहे का? डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी आहेत.
२. बॉक्स: सेट-टॉप बॉक्स एचडी हवा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ चॅनेल दिसतच नाहीत.
३. वायर: लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून एचडी चित्र येत नाही. एचडीएमआय केबल लावा. एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही येतात.

यातली एक गोष्ट जरी कच्ची राहिली, तरी ग्राहकाचे पैसे वाया आणि तुमचं नाव खराब. तालुक्याच्या गावात अशी बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर होते!

खोली विचारा, मग साइज सांगा
३२ इंची टीव्ही १० फुटांवरून बघायचा असेल, तर एचडी रेडी आणि फुल एचडीतला फरक डोळ्यांना जवळपास कळतच नाही. तिथं महागडा सेट गळ्यात मारू नका. वाचलेल्या पैशात एचडी बॉक्स घ्यायला सांगा. ग्राहक खूश, आणि पुढच्या वेळी तो शेजाऱ्याला घेऊनच येतो.

वीज आणि जीएसटी
५० वॅटचा टीव्ही रोज ६ तास चालला, तर महिन्याला ९ युनिट होतात. हा हिशोब ग्राहकासमोर कागदावर करून दाखवा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणून जुन्या दरपत्रकावर भाव सांगू नका. माल घेताना बीआयएसची खूण आणि स्टार लेबल बघून घ्या, आणि ग्राहकाला पक्कं बिल द्या.

या आठवड्याचा होमवर्क
ओळखीच्या पाच घरी जा. टीव्ही, बॉक्स, वायर आणि बसायचं अंतर वहीत लिहा. कुणाला टीव्ही हवाय आणि कुणाचं काम नुसत्या केबलनं होतंय, ते कळेल. केबलवाल्याला केबलच विका. टीव्ही घ्यायची वेळ येईल तेव्हा तो तुमच्याचकडे येईल!