गुलाब आले, पण लढाई संपल्यावर

फारुख इंजिनिअर १९६८ मध्ये लँकेशर काउंटीकडून क्रिकेट खेळायला लागले, त्यांच्या वाट्याला संघाचं चिन्ह म्हणून लाल गुलाब आला. १९९२ मध्ये १९ वर्षांचा सचिन यॉर्कशरचा पहिला परदेशी खेळाडू झाला, त्याला पांढरा मिळाला. दोघेही मुंबईकर. या दोन काउंटींच्या सामन्याला ‘रोझेस मॅच’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, इंग्लंडमधल्या पंधराव्या शतकातल्या ‘गुलाबांच्या युद्धां’चं वैर अजून शिल्लक आहे.

तसं काही नाही. लँकेस्टर आणि यॉर्क या राजा तिसऱ्या एडवर्डच्या वंशातल्याच दोन शाखा. भांडण गादीचं, म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. जिल्ह्यांचा त्यात फारसा संबंध नव्हता. १४६१ मध्ये टाउटनच्या लढाईत बर्फात कत्तल चालली होती, तेव्हा लँकेस्टरचा राजा सहावा हेन्री मुक्कामाला होता खुद्द यॉर्क शहरात!

आणि गुलाब? शिपाई आपापल्या सरदाराचं चिन्ह अंगावर लावून लढत. यॉर्क घराण्याकडे पांढरा गुलाब होता खरा, पण इतर चिन्हांपैकी एक म्हणून. याच घराण्यातल्या चौथ्या एडवर्डचा जीव सूर्यावर. १४६१ मध्येच मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईआधी आकाशात एकदम तीन सूर्य दिसले होते. थंडीत हवेतल्या बर्फकणांमुळे असे प्रतिसूर्य दिसतात. एडवर्डने तो शुभशकुन ठरवला. त्याच सूर्याने दहा वर्षांनी त्याला आणखी एक लढाई जिंकून दिली. १४ एप्रिल १४७१, बार्नेट, दाट धुकं. शत्रूपक्षातल्या सरदार ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगावर किरणांचा तारा होता. त्यांच्याच बाजूच्या सरदार वॉरिकच्या लोकांना धुक्यात तो एडवर्डचा सूर्य वाटला आणि त्यांनी बाण सोडले. ‘दगा, दगा’ अशी ओरड झाली, फळी फुटली, वॉरिक मारला गेला. चिन्हाने माणसं मरतात ती अशी. लँकेस्टरच्या लाल गुलाबाचा मात्र या सगळ्यात जवळजवळ पत्ताच नाही.

तो पुढे आणला लँकेस्टरच्या बाजूच्या हेन्री ट्यूडरने. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थला यॉर्कच्या तिसऱ्या रिचर्डला मारून तो राजा झाला, तोही लाल ड्रॅगनचं निशाण मिरवत. गादीवरचा त्याचा हक्क आईकडून आलेला, पातळच. जानेवारी १४८६ मध्ये त्याने एडवर्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं. सोयरीक तर जुळली, पण ती लोकांना दिसायला हवी. पांढऱ्याशी जोडायला लाल लागतो, म्हणून लाल मोठा केला आणि दोन्ही मिळून ट्यूडर गुलाब घडवला. माझ्या मते हेन्रीचा हा विजय बॉसवर्थपेक्षा मोठा. त्याच्या मुलाच्या काळात विंचेस्टरच्या तेराव्या शतकातल्या गोल मेजावरही मधोमध हाच गुलाब रंगवला गेला. शेक्सपिअरने बागेत गुलाब खुडून बाजू निवडणाऱ्या सरदारांचा प्रसंग कल्पनेतून रचला, आणि वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या कादंबरीनंतर युद्धांचं आजचं नाव रुळलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हावर तीन सिंहांभोवती असेच दहा गुलाब आहेत.

रिचर्डचं स्वतःचं चिन्ह पांढरं रानडुक्कर. १४८३ मध्ये मुलाच्या समारंभासाठी त्याने तशी १३,००० कापडी चिन्हं मागवली होती. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. २०१५ मध्ये पुन्हा दफनासाठी शवपेटी निघाली, तेव्हा रस्त्याकडेच्या लोकांनी तिच्यावर फुलं टाकली. पांढरे गुलाब.