वसाहतीतील डोळे तपासणी: ‘मला दिसतं’ म्हणणाऱ्यांनीही का करावी?

जळगावच्या पिंप्राळा हुडकोसारख्या वसाहतीत किंवा धुळ्यातल्या एखाद्या घरकुलात डोळे तपासणीचे शिबिर लागले, की एक वाक्य हमखास ऐकू येते: “मला चांगलं दिसतं, तपासून काय करू?” डाळमिलमध्ये किंवा यंत्रमागावर रोजाने काम करणाऱ्याला अर्धा दिवस बुडवणे जड जाते, हे खरेच. पण असे म्हणणाऱ्या काहींना प्रत्यक्षात एकाच डोळ्याने दिसत असते. चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि ओळखीच्या घरात हात सवयीने बरोबर जागी जातो.

घरीच पाहा: एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. मग दुसरा झाका. फरक जाणवला, तर तपासणी टाळू नका.

तपासणी कोणी करावी?

- चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने.
- मधुमेह असल्यास कोणत्याही वयात, दरवर्षी.
- आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असल्यास.

आशाताई ३० वर्षांवरील व्यक्तींचा जो फॉर्म भरतात, त्यात नजरेबद्दलही विचारतात. घाईत ‘नाही’ सांगू नका.

शिबिरात काय होते?

सहा मीटरवरून तक्ता वाचायला सांगतात. अक्षरओळख नसेल, तर चिन्हाची दिशा बोटाने दाखवायची. नजर कमी आढळली, तर बारीक छिद्रातून पुन्हा पाहायला लावतात. छिद्रातून स्पष्ट दिसले, तर बहुधा चष्म्याने काम भागते. नाहीच सुधारले, तर डोळ्याच्या आतला आजार शोधावा लागतो. जाताना जुना चष्मा आणि मधुमेहाची फाइल सोबत न्या.

काय आढळू शकते?

*चाळिशी:* सुईत दोरा ओवता येत नाही, तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. जवळचा चष्मा पुरतो.

*मोतीबिंदू:* २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण हेच होते, सुमारे ६६ टक्के. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आता जुना झाला. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकलेल्या मोतीबिंदूत ती अवघड होते. थेंबांनी किंवा मलमाने मोतीबिंदू विरघळत नाही.

*काचबिंदू आणि मधुमेहाचा पडद्यावरील परिणाम:* हे दोन्ही बहुतेक वेळा न दुखता वाढतात. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही. उपचाराने उरलेली वाचवता येते.

चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

शिबिर हे फक्त चाळण आहे. रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी मिळूनही घरीच राहिलात, तर तपासणीचा उपयोग शून्य. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय व्यवस्थेत मोफत होते. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पडदा तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, घरातले कोणी सोबत न्या.

शिबिराची वाट पाहू नका

अचानक नजर गेली, डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले किंवा मार लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. चुना किंवा रसायन उडाल्यास आधी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि मग निघा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल, तर दीर्घ वापराने काचबिंदू होऊ शकतो.

पुढच्या शिबिराला एकटे जाऊ नका. घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी ‘आता या वयात कशाला’ म्हणून नजर सोडून दिली आहे, त्यांना हाताला धरून न्या.