निवड की घडण? एका हरणाऱ्या संघाची आकडेवारी

खेळात यश मिळवण्याच्या दोन वाटा असतात. पहिली, तयार खेळाडू शोधून आणायचे. दुसरी, जे खेळाडू हाताशी आहेत त्यांना तयार करायचे. पहिल्या वाटेला पैसा आणि नावलौकिक लागतो, दुसरीला वेळ आणि चिकाटी. शाळेतही हाच पेच असतो. हुशार मुले निवडून घ्यायची, की आलेल्या मुलांना शिकवायचे? यावर मते भरपूर ऐकायला मिळतात. पण मतांच्या पलीकडे जाऊन आकडे काय म्हणतात हे पाहायचे असेल, तर खेळाचे क्षेत्र सोयीचे आहे. तिथे ठरावीक काळाने निकाल लागतो आणि त्याची नोंद राहते. या लेखात आपण अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे उदाहरण तपासू.

आधी खेळाची ओळख

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात घेऊन पळतात किंवा हाताने फेकतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाला द्यायचा, असा साधारण नियम आहे. चेंडू फेकणाऱ्या आणि डाव चालवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. चढाईसाठी वेगळे अकरा आणि बचावासाठी वेगळे अकरा असल्यामुळे संघ मोठा लागतो. शंभराच्या आसपास मुले एका संघात सराव करतात.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ फार लोकप्रिय आहेत. शालेय स्पर्धांत चमकलेल्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठे आपल्याकडे ओढतात. नामांकित विद्यापीठांना पहिली निवड मिळते, उरलेली मुले इतरांच्या वाट्याला येतात. जिंकणाऱ्याकडे चांगली मुले जातात, म्हणून तो पुन्हा जिंकतो. हरणाऱ्याकडे कोणी येत नाही, म्हणून तो पुन्हा हरतो. विज्ञानाच्या भाषेत याला धन पुनर्भरण म्हणता येईल: परिणामच कारणाला बळ देत राहतो.

तळातला संघ

कॅन्सस स्टेट विद्यापीठ या चक्रात तळाशी अडकले होते. हे विद्यापीठ कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन या लहान गावात आहे. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन वेगळे. आजूबाजूला गव्हाची शेते आणि कुरणे, लोकवस्ती विरळ, म्हणून शाळांतून येणारे खेळाडूही मोजकेच. त्यातच कॅन्सस विद्यापीठ हा जुना प्रतिस्पर्धी जवळच. मोठ्या विद्यापीठांपैकी ५०० सामने हरणारा पहिला संघ ही या संघाची ओळख होती. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत मिळून बावीस सामन्यांत एकही विजय नव्हता, फक्त एक बरोबरी होती. हंगामाअखेर चांगल्या संघांना ‘बाउल’ नावाच्या सामन्यांचे निमंत्रण मिळते. ते या संघाला तोवर एकदाच, १९८२ साली मिळाले होते.

१९८८ च्या अखेरीस बिल स्नायडर यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते आणि आयोवा विद्यापीठात चढाईच्या खेळाचे प्रशिक्षक होते. पहिल्या हंगामात, १९८९ साली, संघाने अकरापैकी एकच सामना जिंकला. तोही ३० सप्टेंबर रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्ध, अखेरच्या क्षणी, २० विरुद्ध १७ असा. पुढच्या हंगामांतील विजय असे: १९९० मध्ये ५, १९९१ मध्ये ७, १९९२ मध्ये पुन्हा ५ आणि १९९३ मध्ये ९. त्या वर्षी संघ बाउल सामना खेळला आणि जिंकला. १९९३ ते २००३ अशी सलग अकरा वर्षे हे निमंत्रण मिळत गेले. १९९८ साली त्याने पहिले अकराही सामने जिंकले आणि ज्या नेब्रास्काला १९६८ नंतर हरवता आले नव्हते त्यालाही हरवले. २००३ साली ओक्लाहोमाला ३५ विरुद्ध ७ असे नमवून त्याने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले.

वेळ का लागतो?

१९८९ ते १९९३ या पाच वर्षांची सरासरी हंगामाला ५.४ विजय अशी येते. पुढच्या पाच वर्षांची १०, आणि त्यापुढच्या पाच वर्षांचीही १०. म्हणजे बदल पहिल्या वर्षी दिसला नाही. तो यायला चार-पाच वर्षे लागली. असे का, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, ‘अ’ संघाकडे येणाऱ्या नव्या खेळाडूचे कौशल्य ७० गुणांचे आहे आणि ते दरवर्षी २ गुणांनी वाढते. ‘ब’ संघाकडे येणारा खेळाडू ६० गुणांचाच आहे, पण तो दरवर्षी ६ गुणांनी वाढतो. एका वर्षानंतर ‘अ’ ७२ आणि ‘ब’ ६६. दोन वर्षांनंतर ७४ आणि ७२. तीन वर्षांनंतर ७६ आणि ७८. चार वर्षांनंतर ७८ आणि ८४. आलेखावर या दोन सरळ रेषा आहेत. ‘अ’ची रेषा वरून सुरू होते, ‘ब’ची रेषा जास्त चढाची आहे, आणि त्या अडीच वर्षांनी एकमेकींना छेदतात. निवडीने आरंभबिंदू ठरतो, प्रशिक्षणाने चढ ठरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘ब’ संघाचे मूल्यमापन पहिल्या वर्षी केले तर तो नापासच ठरेल. दोन, खेळाडू पूर्ण मुदत टिकला नाही तर चढाचा काही उपयोग नाही.

स्नायडर यांच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टींना जागा होती. त्या काळच्या नियमानुसार विद्यार्थ्याला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत. एक वर्ष सामने न खेळता फक्त सराव करून अंग आणि समज कमवायची, याला ‘रेडशर्ट’ वर्ष म्हणतात. या वर्षाचा त्यांनी भरपूर वापर केला. शिष्यवृत्ती न मिळताही स्वतःहून संघात येणारी मुले, ज्यांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात, त्यांनाही संधी मिळे. जॉर्डी नेल्सन हा जवळच्याच गावातला मुलगा असा आला. तो बचावपटू म्हणून आला होता, पुढे त्याला फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या जागी नेले. २००८ साली तो व्यावसायिक संघात निवडला गेला आणि २०११ च्या फेब्रुवारीत झालेल्या सुपर बाउल या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याने नऊ झेल घेतले. कॉलिन क्लाइन हा काही काळ चेंडू झेलणारा म्हणून खेळला, मग क्वार्टरबॅक झाला, आणि २०१२ साली सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूच्या हाइझमन पुरस्कारासाठी झालेल्या मतदानात तिसरा आला. मुलाला कुठे बसवायचे हे आल्याबरोबर कायमचे ठरवून टाकले नाही, तर असे घडू शकते.

शरीर आणि सराव

हा चढ येतो कोठून? त्याचा काही भाग शरीरशास्त्राचा आहे. वजन उचलण्याचा सराव सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू जास्त स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायूची जाडी ठळकपणे वाढायला त्याहून अधिक काळ लागतो. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा आणखी सावकाश बळकट होतात. म्हणून वजन एकदम वाढवले तर ताकद आहे असे वाटते, पण दुखापत होते. भार थोडा थोडा वाढवायचा आणि मध्ये विश्रांती द्यायची, हे आपल्या तालमीतल्या वस्तादांनाही ठाऊक असते. अठरा ते बावीस या वयात मुलांचे शरीर भरतच असते, त्यामुळे या काळातले एक जादा वर्ष फार मोलाचे ठरते.

दुसरा भाग शिकण्याचा आहे. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी हाताच्या हालचालींचा एक प्रयोग केला. एका गटाने तीन प्रकारच्या हालचालींचा सराव एकेक प्रकार संपवत केला, दुसऱ्या गटाने तीनही प्रकार मिसळून केला. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसत होता. पण काही काळाने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिले होते. सरावातली सफाई म्हणजे शिकणे नव्हे, हा याचा अर्थ. गणिताच्या एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवून घेणाऱ्या आपणा शिक्षकांनाही हा निष्कर्ष विचारात घेण्यासारखा आहे.

तिसरा भाग निवडीतल्या चुकीचा आहे. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त निघाले. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. लहान वयात हा फरक मोठा दिसतो आणि निवड करणारे त्यालाच गुणवत्ता समजतात. मग त्या मुलाला अधिक चांगला सराव मिळतो आणि फरक खरोखरच वाढत जातो. मागे राहिलेल्यांत बरीच गुणी मुले असतात, ती अशी. घडणीवर भर देणाऱ्या संघाला नेमकी हीच मुले मिळतात.

कारण हेच, हे कशावरून?

आता वैज्ञानिकाची शंका. प्रशिक्षणामुळेच संघ सुधारला, असे म्हणता येईल का?

पहिला आक्षेप असा, की अगदी वाईट कामगिरीनंतर पुढची कामगिरी थोडी बरी येतेच. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. शून्य विजयांनंतर दोन-तीन विजय यावेत, यात नवल नाही. पण या संघाची सरासरीच कैक दशके कमी होती. तिच्याकडे परतून दहा विजय येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रशिक्षणाबरोबर इतर गोष्टीही बदलल्या होत्या. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफाल्ड यांचा संघाला भक्कम पाठिंबा होता आणि सोयींवर खर्च झाला. हंगामाच्या सुरुवातीला दुबळे प्रतिस्पर्धी निवडण्याबद्दल संघावर टीकाही झाली. दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून बऱ्यापैकी तयार खेळाडूही आणले गेले. १९९८ चा क्वार्टरबॅक मायकेल बिशप हा त्यांपैकीच. शिवाय १९९२ ते १९९४ या काळात प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा ९५ वरून ८५ वर आणली गेली, त्यामुळे बड्या संघांना खेळाडू साठवून ठेवणे अवघड झाले. तेव्हा सगळे श्रेय एका कारणाला देता येत नाही.

अशा वेळी प्रयोगशाळेत आपण प्रयोग पुन्हा करतो. इथे योगायोगाने तसे झाले. स्नायडर २००५ साली निवृत्त झाले. तोवर २०५ सामन्यांत १३६ विजय, म्हणजे ६६ टक्के. पुढच्या तीन हंगामांत दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ३७ सामन्यांत १७ विजय, ४६ टक्के. २००९ साली स्नायडर परत आले आणि २०१८ पर्यंतच्या १२८ सामन्यांत ७९ विजय मिळाले, ६२ टक्के. याही वेळी चढ क्रमाने दिसतो: २००९ मध्ये ६ विजय, मग ७, मग १०, आणि २०१२ मध्ये ११ विजय व गटाचे विजेतेपद.

हा पुरावा बळकट आहे, पण निर्णायक नव्हे. २००४ आणि २००५ साली, स्नायडर असतानाच, संघाचे विजय ४ आणि ५ वर घसरले होते. म्हणजे पद्धत तीच राहूनही फळ कमी झाले. ही दोन वर्षे गाळून आलेख काढला तर तो देखणा दिसेल, पण खरा राहणार नाही.

नियम बदलले की

२०२१ पासून अमेरिकेत विद्यार्थी-खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीपासून स्वतःच्या नावावर व प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याचीही. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण आपल्या उदाहरणातला ‘ब’ संघ आठवा. तिसऱ्या वर्षी, रेषा एकमेकींना छेदतात नेमक्या त्याच वेळी, त्याचा खेळाडू ‘अ’ संघाकडे गेला तर घडवण्याचे कष्ट एकाचे आणि फळ दुसऱ्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेने चौथीपर्यंत तयार केलेला विद्यार्थी पुढे दुसऱ्या शाळेच्या गुणवत्ता यादीत झळकतो, तेव्हा त्या शाळेच्या शिक्षकांना काय वाटत असेल हे वाचकांना सांगायला नको. अशा शाळेचे काम केवळ अंतिम गुणांवरून मोजले तर ते दिसतच नाही. मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठे होते, या दोन्ही नोंदी हव्यात. एका बिंदूवरून रेषेचा चढ काढता येत नाही, हे तर आपण शाळेतच शिकवतो.

वर्गासाठी उपक्रम

१. वर दिलेले १९८७ ते १९९३ आणि २००४ ते २०१२ या काळातले जितके आकडे मिळतील तितके घेऊन आलेख काढा. मिळाले नाहीत ती वर्षे रिकामी ठेवा.

२. हंगामातल्या सामन्यांची संख्या सर्व वर्षी सारखी नव्हती. मग विजयांची संख्या घ्यावी की टक्केवारी? चर्चा करा.

३. ‘ब’ संघाचा खेळाडू वर्षाला ६ ऐवजी ४ गुणांनी वाढला, तर रेषा केव्हा छेदतील?

४. शाळेच्या खो-खो किंवा कबड्डी संघातल्या मुलांचे जन्ममहिने नोंदवा आणि पूर्ण वर्गाच्या जन्ममहिन्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर पुढच्या निवडीच्या वेळी कोणाला पुन्हा बोलावून पाहावे, हे मुलांनाच ठरवू द्या.