स्वस्त लष्करी रायफल आणि शेताची राखण

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके पसरलेले आहेत. एकीकडे माहुलीचे कडे व तानसा अभयारण्याचे रान, दुसरीकडे माळशेज व सिद्धगडाचे डोंगर, आणि मध्ये भाताची खाचरे व उतारावरची नाचणी-वरी. भाद्रपद उलटून दाणा भरू लागला म्हणजे रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. ते खातात थोडे आणि तुडवितात फार. माळ्यावर बसून डबे वाजविणे, गोफण फिरविणे, शेकोटी पेटविणे हे राखणीचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अशा रात्री जागून काढणाऱ्याला घरात एखादी बंदूक असावी असे वाटले तर त्यात नवल नाही. परदेशात सैन्याने टाकून दिलेल्या रायफली स्वस्तात विकल्या जातात, मग पोलिसांनी निवृत्त केलेली ‘थ्री नॉट थ्री’ इथल्या शेतकऱ्याला का मिळू नये, असाही प्रश्न साहजिकच निघतो.

लष्करी रायफल स्वस्त कशामुळे होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. युद्धकाळात सरकारे लाखोंनी शस्त्रे घडवितात. युद्ध संपते, नवे शस्त्र येते आणि जुने कोठारात पडून राहते. ते व्यापाऱ्यांना मोडीच्या भावाने विकले की बाजारात त्याची किंमत उतरते. मात्र त्याची मारक शक्ती तसूभरही उतरत नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली टपालाने घरपोच मिळत. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या इटालियन लष्करी रायफलीने झाली, ती शिकागोच्या एका दुकानातून दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट किमतीला टपालाने मागविलेली होती. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने टपालाची ही विक्री बंद झाली.

हिंदुस्थानात मात्र हा बाजार कधी उघडलाच नाही, आणि त्याचे मूळ १८५७ च्या उठावात आहे. उठावानंतर देशी शिपायांच्या हाती ज्या एन्फील्ड बंदुका दिल्या, त्यांच्या नळीतील मळसूत्री खाचा नाहीशा करून नळी गुळगुळीत केलेली असे. रायफल ती या खाचांमुळेच. खाचांनी गोळीला गिरकी मिळते आणि ती दूरवर नेमकी जाते. गुळगुळीत नळीची गोळी लवकरच भरकटते. म्हणजे शिपायाला बंदूक मिळाली, पण तिचा पल्ला काढून घेतलेला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. पुढे ·३०३ बोअरची रायफल सैन्याची ठरली, तेव्हा खाजगी शिकाऱ्यांना त्या बोअरची बंदी झाली. पोलिस व तुरुंगरक्षक यांच्यासाठी त्याच रायफलीची ·४१० बोअरची, गुळगुळीत नळीची व एका वेळी एकच काडतूस घेणारी मस्केट इशापूरच्या कारखान्यात तयार होई.

शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या डोंगरांनी जवळून पाहिला आहे. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या काळी शस्त्रबंदी म्हणजे राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास, असेच लोकांना वाटे. आणि ते खोटे नव्हते.

मग स्वातंत्र्यानंतर हा निर्बंध का राहिला? १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ·३०३ व ७·६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे घेऊ शकणाऱ्या रायफली, तसेच ·४१० ची मस्केट, निषिद्ध बोअरच्या वर्गात घालण्यात आल्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी ‘थ्री नॉट थ्री’ला निरोप दिला, तरी ती शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला नाही. सैन्याची काडतुसे चोरीस जाऊन खाजगी हत्यारात वापरली जाऊ नयेत, हा त्यातील एक हेतू. म्हणूनच इशापूरला नागरिकांसाठी तशाच घडणीची, पण वेगळे काडतूस घेणारी ·३१५ ची रायफल निघाली.

दुसरे कारण शेताच्या बांधावर उभे राहिले म्हणजे समजते. ·३०३ ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २४०० फूट वेगाने सुटते आणि अडथळा न आल्यास दोन मैलांच्या आसपास जाऊ शकते. लष्करी गोळीवर धातूचे टणक कवच असते. ती जनावराच्या अंगातून आरपार जाऊनही थांबत नाही. मुरबाड-शहापुरात पाडे विखुरलेले आहेत. एका शेतावरचा माळा दुसऱ्या शेतावरून दिसतो आणि हंगामात प्रत्येक माळ्यावर कोणीतरी जागे असते. छर्ऱ्याच्या बंदुकीचा उपयोगी पल्ला चाळीस यार्डांच्या आगेमागे. तिचा चुकलेला बार बहुधा आपल्याच शिवारात विरतो. रायफलीची चुकलेली गोळी शेजारच्या गावची असते. अंधारात तर जवळचा पल्लाही घातक ठरतो. पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात २०२५ च्या आरंभी रानडुकरासाठी गेलेल्या मंडळींची गोळी आपल्याच सोबत्याला लागून तो मरण पावला.

कायद्याने शेतकऱ्याला अगदीच मोकळ्या हाताने ठेवले आहे, असे मात्र नाही. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान वीस इंच नळीची, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. परवाना व्यक्तीचा असतो. बंदूक शेजाऱ्याला उसनी देण्याची ती वस्तू नव्हे. निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात जमा करण्याचा हुकूमही निघतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तीवाचून बार काढला तर परवानाधारकही गुन्हेगार ठरतो. पिकाचे नुकसान झाल्यास वनखात्याकडे अर्ज करून पंचनाम्याद्वारे भरपाई मागता येते. तो मार्ग संथ असला, तरी त्यात कोणाचा जीव जात नाही.

तेव्हा स्वस्त रायफलीचा हिशेब मांडताना केवळ विकत घेण्याची किंमत धरून भागत नाही. काडतुसे, कुलूपबंद जागा, कचेरीच्या खेपा, झिजलेल्या नळीचा व जुनाट काडतुसाचा धोका, हे सारे त्यात मिळवावे लागते. शेवटचा आकडा सर्वांत मोठा आहे: बार सुटल्यावर गोळी जिथवर जाईल, तिथवरच्या प्रत्येक माणसाची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर येते. एका रात्रीत खाचर तुडविले गेले तर वर्षाचे अन्न जाते. ते दुःख लहान नाही. परंतु पुढच्या पावसात खाचर पुन्हा लावता येते. पलीकडच्या माळ्यावर राखणीला बसलेला माणूस मात्र पुन्हा उभा करता येत नाही.