खिशातले छुपे रुस्तम

दुबईतला फ्लॅट, हातात इन्व्हेस्टर व्हिसा, एकदम झकास लाइफ! पण घरी पाठवलेल्या पैशांतून दर महिन्याला हळूच दोन हजार रुपये कोण काढून घेतं? सोलापुरातल्या एका पासबुकाची ही गोष्ट.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेला मी मावशीकडे गेले होते. भाकरी, शेंगाचटणी आणि गप्पा असा फक्कड बेत. जेवणं झाल्यावर मावशी हळूच म्हणाली, "तुझ्या दादाचं तिकडं काही बरं दिसंना बघ. पैसे कमी पाठवायलाय. मी काही विचारलं नाही. उगीच त्याला टेन्शन कशाला?"

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा धंदा, मग गल्फमध्ये एक्स्पोर्ट, मग तिकडेच ऑफिस. शेवटी दुबईत घर घेऊन त्यानं गोल्डन व्हिसाही मिळवला. मी रात्रीच त्याला फोन लावला. तो उडालाच! "अगं, मी दर महिन्याला बरोब्बर दोन हजार दिरहम पाठवतो. एक महिना चुकवलेला नाही!"

म्हणजे आई समजतेय, मुलाचा धंदा बसला. मुलगा समजतोय, आईला सगळं वेळेवर मिळतंय. दोघंही खरं बोलताहेत. मग पैसे गेले कुठे? जर्नालिस्टचा किडा चावला, आणि दुसऱ्या दिवशी मावशीला स्कूटीवर बसवून मी थेट बँकेत.

दोन हजारांचं पोस्टमॉर्टेम

पासबुक प्रिंट केलं. दादाचं ट्रान्सफर स्टेटमेंट मेलवर मागवलं. दोन्ही शेजारी ठेवले आणि कॅल्क्युलेटर काढला. तुम्हीही काढा.

पाठवले 2,000 दिरहम. त्या दिवशीचा बाजारातला भाव हिशेबाला सोपा म्हणून 23 रुपये धरू. म्हणजे मावशीला मिळायला हवेत 46,000 रुपये. मिळाले 44,000. आता बघा गंमत.

एक, पैसे दुबईच्या बँकेतून थेट सोलापुरात येत नाहीत. मध्ये एखादी बँक असते, ती आपला कट घेते. इथं 40 दिरहम गेले, म्हणजे 920 रुपये.

दोन, उरलेल्या 1,960 दिरहमला भाव मिळाला 22 रुपये 55 पैसे. प्रत्येक दिरहममागे 45 पैसे कमी. झाले 882 रुपये.

तीन, परकीय चलन बदलून दिल्याबद्दल जीएसटी. एक लाखापर्यंतच्या रकमेला तिचा 1 टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के लावतात. साधारण 80 रुपये.

चार, पैसे जमा करून घेण्याची फी 100 आणि तिच्यावर 18 रुपये जीएसटी. 118.

बेरीज करा. बरोबर 2,000! आणि यातले पासबुकात चार्ज म्हणून छापून आले फक्त 198. बाकीचे 1,802 कुठल्याच ओळीत नाहीत. ते भावात आणि वाटेत विरघळलेले. वर्षाचे होतात 24,000. मावशीची गुडघ्याची फिजिओथेरपी चार महिन्यांपासून बंद होती. कारण काय, तर "दादाचं जरा सावरू दे मग बघू."

खरं सांगते, काउंटरसमोर मला राग येण्याआधी रडूच आलं.

'झीरो फी'चा फंडा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'झीरो फी' लिहिलेलं असतं. पण फी झीरो असली तरी भाव कमी दिला की काम झालं! आपल्या चाटी गल्लीत कापड घेताना आपण मीटरचा भाव चार दुकानांत विचारतो. पैसे पाठवताना मात्र डोळे मिटून बटण दाबतो. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: 'मी एवढे दिरहम दिले, तर तिकडे खात्यात नेमके किती रुपये पडणार?' त्या आकड्यावरच कंपेअर करा.

हा घरगुती किस्सा नाही बरं का! वर्ल्ड बँकेच्या अंदाजानुसार 2024 साली परदेशातून भारतात सुमारे 129 अब्ज डॉलर आले. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, म्हणजे केरळच्याही पुढे. जगभरात असा पैसा पाठवायचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या आसपास पडतो. तो 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे.

व्हिसाच्या आधीही कात्री

दुबईच्या गोल्डन व्हिसासाठी प्रॉपर्टीत किमान 20 लाख दिरहम गुंतवावे लागतात. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दरानं बांधलेला आहे, म्हणजे हे झाले सुमारे 5 लाख 45 हजार डॉलर. आपल्याकडून मात्र एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. त्यामुळे दादा आणि वहिनीनं दोन वर्षांत हप्त्यांनी पैसे पाठवले.

अशा गुंतवणुकीसाठी वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस कापतात. ही मर्यादा एप्रिल 2025 पासूनची, आधी ती 7 लाख होती. घाबरू नका, ही फी नाही. रिटर्न भरताना हा पैसा करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो अडकतो, हे प्लॅनिंगमध्ये धरा.

भावाची कात्री मात्र परत मिळत नाही. दोन हजार दिरहमला लागते तीच 20 लाखांनाही. एवढ्या मोठ्या रकमेला बँकेशी भावाची घासाघीस करता येते. दादानं केली नाही. "लाजलो गं," म्हणाला. टॉवेलच्या ऑर्डरला पैशापैशासाठी भांडणारा माणूस!

नवी पेठेतलं विसरलेलं खातं

दादाचं कॉलेजपासूनचं नवी पेठेतलं सेव्हिंग खातं अजून तसंच पडून होतं. अनिवासी झालात की फेमा कायद्याप्रमाणे साधं खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. इथलं भाडं, इथलं व्याज एनआरओत. परदेशातली कमाई एनआरईत. एनआरईचं व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र सेस धरून 31.2 टक्के टीडीएस कापला जातो. यूएईचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आणि बाकीची कागदपत्रं दिली, तर दोन्ही देशांच्या करारामुळे हा दर 12.5 टक्क्यांवर येतो. आपण कागद दिला नाही, तर बँक आपणहून आठवण करेलच असं नाही!

आणि दुबईतलं दादाचं जुनं खातं? बॅलन्स कमी म्हणून महिन्याला 25 दिरहम जात होते. दोन वर्षांत 600 दिरहम. एका खात्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून!

पटकन टिप्स

* दर महिन्याला थोडे थोडे पाठवण्याऐवजी तीन महिन्यांचे एकदम स्वतःच्या एनआरई खात्यात पाठवा. मधल्या बँकेचा आणि जमा करण्याचा कट एकदाच बसेल. तिथून घरी दर महिन्याला ऑनलाइन एनईएफटी करा. सेव्हिंग खात्यातून ती जानेवारी 2020 पासून फुकट आहे.
* ट्रान्सफर फॉर्मवर 'चार्जेस कोण भरणार' हा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. पाठवणारा सगळे भरणार असं लिहिलं, तर घरी पोचणारी रक्कम कमी होत नाही. हा पर्याय केवढ्याला पडतो, तेही आधी विचारा.
* दुकानात कार्ड स्वाइप करताना मशीन 'रुपयांत भरायचं का?' असं विचारतं. नाही म्हणा! स्थानिक चलनातच भरा. रुपयांत केलंत की दुकानाच्या मशीनचा महागडा भाव लागतो.
* वापरत नसलेली खाती बंद करा. भारतात दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. एप्रिल 2024 पासून अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही फी नाही.
* चार्ज पटला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं फी लागत नाही. यूएईत असंच काम 'सनदक' करतं.

संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर बसून आम्ही दादाला व्हिडिओ कॉल लावला. मी सगळा हिशेब वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आई, तू मला विचारायचं तरी की!"

"तू तरी कधी विचारलंस का रे, किती पोचले म्हणून?"

आता तो पैसे पाठवल्यावर मेसेज टाकतो, 'किती पोचले?' मावशी चष्मा लावून पासबुक बघते आणि आकडा कळवते. फिजिओथेरपी पुन्हा सुरू झालीय. तुमचंही कुणी तिकडे असेल, किंवा तुम्हीच तिकडे असाल, तर आज घरी एक फोन लावा. हा प्रश्न विचारायला तरी फी नाही!