मधुमेहावरील गोळ्यांची सुरक्षित मात्रा : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

मेटफॉर्मिन या औषधाची कमाल मात्रा प्रौढ रुग्णासाठी दिवसाला सामान्यतः २००० मिलिग्रॅम मानली जाते. तथापि ही मर्यादा निरोगी मूत्रपिंड गृहीत धरून ठरलेली आहे. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ४५ मिलिलिटरखाली गेल्यास मात्रा निम्म्यावर आणावी लागते. ३० खाली औषध वर्ज्य ठरते, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका संभवतो. याच कुळातील फेनफॉर्मिनवर भारतात २००३ मध्ये बंदी आली.

शहापूर व मुरबाड या भातशेतीच्या तालुक्यांत मात्र ग्लिमेपिराइड व ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा विचार अधिक निकडीचा ठरतो. पोटात अन्न असो वा नसो, या गोळ्या इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी चिखलात उतरणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा नेहमीच्याच मात्रेनेही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम व थरथर ही लक्षणे तेव्हा श्रमाचीच वाटतात. साखर दिल्यावर रुग्ण सावध होतो. परंतु ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम दिवसभर टिकत असल्याने, विशेषतः वृद्धांमध्ये, शर्करा पुन्हा खालावते. म्हणून बरे वाटले तरी अशा रुग्णास घरी न ठेवता रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते.