अर्ध्या तिकिटाचे उरलेले पैसे

एसटीत महिलांना अर्धं तिकीट मिळतं, पण गाडीचा खर्च काही निम्मा होत नाही. डिझेल, टायर, टोल, चालक-वाहकांचे पगार हे सगळं पूर्णच मोजावं लागतं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत मिळाली. मूळ भाडं १०० रुपये असेल तर बाई ५० देते. उरलेले ५० राज्य सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. यालाच सवलतमूल्याची प्रतिपूर्ती म्हणतात.

अनुदानाने खर्चाचा भार प्रवाशाकडून तिजोरीकडे जातो. मात्र स्वस्त तिकिटामुळे अर्धी रिकामी धावणारी गाडी भरली, तर डिझेल जवळपास तेवढंच लागतं आणि दर प्रवाशामागचा खर्च खरोखरच उतरतो. सवलतीचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच.

प्रतिपूर्ती रखडली की मात्र पगार लांबतात, सुट्या भागांअभावी गाड्या आगारात उभ्या राहतात. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तशी सरकारच्या वाट्याची रक्कमही वाढली. ती दरमहा, वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे.